घोड्याच्या केसाएवढी चूक : अल-काशींचा हिशेब

गियासुद्दीन जमशेद अल-काशी हे नाव मुस्लिम शास्त्रज्ञांच्या यादीत येतं आणि यादीतच राहतं. त्यांनी नेमकं केलं काय, हे फार कमी जण सांगतात.

जन्म इराणच्या काशान शहरातला, सुमारे 1380 चा. घरची गरिबी. पोटासाठी हकिमी करत फिरले. 1406 साली काशानमध्येच त्यांनी चंद्रग्रहणाचा वेध घेतला. पुढे समरकंदचा सुलतान उलुग बेग, जो स्वतः गणिती होता, त्याच्या दरबारी गेले.

1424 साली त्यांनी 'रिसाला अल-मुहीतिया' लिहिला. प्रश्न जुनाच, वर्तुळाच्या परिघाचा. पण सुरुवात बघा. आकडेमोडीआधीच त्यांनी चुकीची हद्द ठरवली: पृथ्वीच्या व्यासाच्या 6 लाख पट व्यासाचं वर्तुळ घेतलं, तरी परिघातली चूक घोड्याच्या केसाच्या जाडीपलीकडे जायला नको. मग त्यासाठी किती बाजूंचा बहुभुज लागेल ते काढलं. त्रिकोणाच्या बाजू 28 वेळा दुप्पट, म्हणजे 80,53,06,368 बाजू! 'पाय'ची 16 दशांश स्थळं बरोबर आली, तीही हाताने.

आपल्या भांडगावच्या शेतातली 7 मीटर व्यासाची विहीर घ्या. 22/7 ने परीघ 22 मीटर येतो, खरा त्याहून सुमारे 9 मिलिमीटर कमी. कठडा बांधायला चालतं, आकाश मोजायला नाही. आज धरणाची भिंत संगणकावर तपासताना इंजिनिअर तिचे छोटे तुकडे पाडून समीकरणं सोडवतात, प्रत्येक तुकड्यातल्या चुकीचा अंदाज घेतात आणि चूक मोठी दिसेल तिथलीच जाळी आणखी बारीक करतात. अल-काशींनी बाजू सगळीकडे सारख्याच वाढवल्या. वर्तुळाला कोपरा नसतो, त्यामुळे तेच बरोबर. आमची मुलं मात्र कॅल्क्युलेटरवरचे दहाही आकडे जसेच्या तसे उतरवतात. त्यातले खरे किती, हे कुणी विचारत नाही.

त्यांचं शेवटचं काम 1 अंशाच्या 'साइन'चं. 3 अंशाची किंमत माहीत होती, दोन्हींना जोडणारं घन समीकरणही. अंदाज घालायचा, सुधारून आलेला पुन्हा घालायचा, दर फेरीला आणखी आकडे पक्के होतात. 22 जून 1429 रोजी समरकंदच्या वेधशाळेतच त्यांचं निधन झालं.

गोदावरीकाठच्या गोळग्रामच्या घराण्यातल्या कमलाकराने 1658 मध्ये बनारसला 'सिद्धान्ततत्त्वविवेक' लिहिला. उलुग बेगच्या समरकंदची विद्या तोवर त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि कोनाच्या तिसऱ्या भागाची 'साइन' काढण्याचा हाच प्रश्न त्यानेही संस्कृतात सोडवला आहे.