उन्हाला कामाला लावणारे रसायनशास्त्रज्ञ : जाकोमो चामिचान



आपल्या माकणीच्या निम्न तेरणा धरणाच्या काठावर उभं राहून बघा, तळ दिसत नाही. तेच पाणी पाटात वीतभर खोल वाहू लागलं की तळातले खडेसुद्धा दिसतात. खोल पाण्यात उजेड तळापर्यंत पोहोचतच नाही. हीच साधी गोष्ट एका थोर शास्त्रज्ञाच्या कामात आडवी आली होती. आज त्यांची ओळख करून घेऊया.

जाकोमो चामिचान यांचा जन्म १८५७ साली त्रिएस्ते या बंदराच्या शहरात, आर्मेनियन वंशाच्या कुटुंबात झाला. १८८९ पासून ते इटलीतील बोलोन्या विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांना एक कोडं पडलं होतं. झाडाचं पान नुसत्या उन्हावर अन्न तयार करतं, मग माणसाला रसायनं बनवायला भट्टी कशाला लागते?

उत्तर शोधायला त्यांनी सहकारी पॉल सिल्बर यांच्यासोबत प्रयोगशाळेच्या गच्चीवर रसायनं भरलेली काचेची भांडी उन्हात मांडली. बाळंतशेपेत असतं ते कार्व्होन त्यांनी तब्बल वर्षभर उन्हात ठेवलं, तेव्हा त्यातून नवा पदार्थ मिळाला! १९१२ साली न्यूयॉर्कच्या परिषदेत त्यांनी जगाला सावध केलं. कोळसा म्हणजे जमिनीत साठलेलं जुनं ऊन, ते कधीतरी संपणार. म्हणून ओसाड प्रदेशात उन्हावर चालणारे, धूर नसलेले कारखाने उभारावेत, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२२ साली त्यांचं निधन झालं. ते कारखाने काही त्यांना बघायला मिळाले नाहीत.

अडचण कुठे होती? रात्री ऊन नसतं, हे एक. शिवाय मोठ्या भांड्यात बाहेरचा थरच उजेड शोषून घेतो, आतलं द्रव अंधारातच राहतं. आज यावर उपाय सापडला आहे. एलईडी दिव्याभोवती मिलिमीटरभर रुंदीची पारदर्शक नळी गुंडाळतात आणि पंपाने त्यातून द्रव सोडतात. थेंबाथेंबाला उजेड मिळतो, म्हणून तासन्‌तास चालणाऱ्या काही क्रिया मिनिटांत होतात. तयार झालेला पदार्थ लगेच पुढे वाहून जातो, जास्त उजेडाने बिघडत नाही. अशा छोट्या प्रवाही रिॲक्टरांवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही काम चालतं.

वर्गात एवढं कराच. कडक कोरा चहा काचेच्या ग्लासात आणि पांढऱ्या बशीत ओता. तळ कुठे दिसतो, ते मुलांना सांगू द्या. मग त्यांना बोलोन्याच्या त्या गच्चीची गोष्ट सांगा.