गळा गेला, गाणं राहिलं

कॉलेजच्या गॅदरिंगला कुणी भारी गायलं की आपण लगेच निकाल देऊन मोकळे होतो, की याला देवाची देणगी आहे, आपल्याला कुठलं जमणार! पण ती देणगीच एक दिवस हातातून गेली तर? उस्ताद अल्लादिया खाँ यांच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

१८५५ मध्ये राजस्थानातल्या उणियारा इथे, गवयांच्याच घरात ते जन्मले. वडील लवकर गेले. मग जयपूरला काका जहांगीर खाँ यांच्याकडे तालीम सुरू झाली. आधी ध्रुपद, मग ख्याल, अशी कितीतरी वर्षं. तरुणपणीच नाव झालं, दरबारांतून बोलावणी यायला लागली.

आणि तिथेच घात झाला. अमलेटा नावाच्या छोट्या संस्थानात त्यांना रोजच्या रोज, तासन् तास गावं लागलं. गळ्यावर इतका ताण आला की आवाजच गेला. बऱ्याच काळाने परतला, पण पहिल्यासारखा नाही.

दुसरा कुणी असता तर गाणं सोडलं असतं. खाँसाहेब पुन्हा रियाजाला बसले. पण जुनं तेच घोटत राहिले नाहीत. आता या गळ्यातून काय निघेल, हे शोधत गेले. लयीला धरून चालणारी आलापी, लांब दमसास, वळणं घेत जाणाऱ्या पेचदार ताना, अनवट राग... आज जयपूर-अत्रौली म्हणून ओळखली जाणारी गायकी अशी घडत गेली. पुढे शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूरच्या दरबारात मानाने ठेवलं. महाराजांच्या निधनानंतर ते मुंबईत आले आणि १९४६ मध्ये तिथेच वारले.

आता, उपजत काहीच नव्हतं असं नाही. घरातच गाणं होतं, कान तयार होता, बुद्धी तल्लख होती. पण गळा गेल्यावर गाणं पुन्हा उभं केलं ते डोकं लावून केलेल्या रियाजाने.

आणखी एक गंमत बघा. स्वतःचा गळा शिष्याला देता येत नाही, रियाजाची वाट मात्र देता येते. मोगूबाई कुर्डीकर त्याच वाटेने गेल्या. गोव्याच्या केसरबाई केरकर तर १९२१ पासून वर्षानुवर्षं खाँसाहेबांकडे शिकत राहिल्या. त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. ती आजही प्रवासात आहे.