कायद्याचे प्राध्यापक डॉ. बाबासाहेब आंबेडकर

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा मी आधी बँकेतल्या आठवणी लिहायला बसलो होतो. पण आपल्या सोसायटीत निवृत्त बँकवाले इतके आहेत की तशा आठवणींची स्मरणिकाच वेगळी काढावी लागेल. म्हणून गेली दोन-तीन वर्षं जे वाचतो आहे त्याबद्दल लिहितो.

बाबासाहेबांवर माझ्यासारख्याने काय नवीन लिहायचं, असं वाटणं साहजिक आहे. घटना, महाड, नागपूर हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला ओढ लागली ती मधल्या बारा-पंधरा वर्षांची. १९२५ ते १९३९. तेव्हा ते मुंबईत कायदा शिकवत होते आणि मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात बसत होते. म्हणजे तसं पाहिलं तर प्रांतिक राजकारणी. दिल्ली अजून लांब होती.

याला एक घरगुती कारणही आहे, ते पुढे येईलच.

१९२३ साली बाबासाहेब लंडनहून बॅरिस्टर होऊन परतले, आणि डी.एस्सी.ही त्यांना त्याच वर्षी मिळाली. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्याच वर्षीचा. आम्ही बँकेत चाळीस वर्षं रुपया मोजला, पण हा ग्रंथ बँकेच्या एकाही परीक्षेला आम्हाला कोणी वाचायला सांगितला नाही! असो. एवढ्या पदव्या असूनही वकिलीत अशील मिळणं कठीण होतं. जे यायचे ते बहुतेक गरीब, फी देऊ न शकणारे. मग घर चालवण्यासाठी १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या शिकवणीसंस्थेत त्यांनी व्यापारी कायदा शिकवायला घेतला. पार्टटाइम. पुढे १९२८ मध्ये मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजात वर्षभरापेक्षा कमी काळ प्राध्यापकी केली. १९३५ च्या जूनमध्ये त्याच कॉलेजचे ते प्रिन्सिपॉल झाले. इथे एक तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे. रमाबाई गेल्या २७ मे १९३५ ला, आणि प्रिन्सिपॉलची खुर्ची त्यांनी घेतली १ जूनला. पाच दिवसांत. त्या कॉलेजची स्थापना १८५५ ची, आपल्या नळस्टॉपजवळच्या लॉ कॉलेजपेक्षा जवळजवळ सत्तर वर्षं जुनं. प्रिन्सिपॉल असताना त्यांनी कॉलेजच्या मासिकात कायद्याचं शिक्षण कसं सुधारावं यावर लेखही लिहिला. १९३८ मध्ये पद सोडलं.

कायदेमंडळातलं काम मात्र जास्त सविस्तर सांगण्यासारखं आहे. १९२६ च्या अखेरीस गव्हर्नरने त्यांना मुंबई कौन्सिलवर नेमलं. निवडणूक नव्हे, नेमणूक. नेमलेला माणूस सरकारची री ओढतो, अशी तेव्हाची रीत होती. पण १९२७ च्या फेब्रुवारीत अंदाजपत्रकावर बोलताना त्यांनी सरकारच्या करपद्धतीचीच चिरफाड केली. मुद्दा साधा होता. थोडी जमीन असलेल्या शेतकऱ्याला पीक येवो न येवो शेतसारा चुकत नाही, आणि व्यापाऱ्याला मात्र ठराविक उत्पन्नापर्यंत प्राप्तिकर माफ. हा कुठला न्याय? त्याच वर्षी छोटी शेतं एकत्र करण्याच्या बिलालाही त्यांनी विरोध केला. जमीन लहान आहे हे दुखणं नाही, तिच्यात घालायला भांडवल नाही आणि शेतीवर अवलंबून असणारी माणसं फार आहेत, असं त्यांचं म्हणणं. मी जामखेडकडच्या एका शाखेत पीककर्जं वाटली आहेत. तेव्हा हे वाचलं असतं तर बऱ्याच अर्जांवर वेगळा शेरा मारला असता.

१९२८ मध्ये त्यांनी स्वतः बिल आणलं ते महार वतनाचं. १८७४ च्या वतन कायद्याने महारांना वतनाच्या तुकड्याच्या आणि बलुत्याच्या बदल्यात सरकारची आणि गावाची कामं चोवीस तास करावी लागत. घरातला कर्ता माणूस हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कोणीतरी जायचं. वतनाच्या जमिनीवर पूर्ण सारा घ्या, ती त्यांच्या नावे रयतवारीने करा आणि कामाचा रोख पगार द्या, अशी त्या बिलाची मांडणी होती. बिल सिलेक्ट कमिटीकडे गेलं, तिथे त्याचं रूप इतकं पालटलं की १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावं लागलं. ही वतनं कायद्याने गेली १९५८ च्या कायद्यामुळे. तीस वर्षांनी. मी सोसायटीचा सेक्रेटरी असताना पार्किंगचा एक ठराव तीन वार्षिक सभांमध्ये मंजूर होऊ शकला नाही म्हणून चिडून राजीनामा दिला होता, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. आता आठवलं की हसू येतं.

१९३२ चा पुणे करार येरवड्याचा, तो सर्वांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नाव नीट पाहा. अस्पृश्यांचा पक्ष नव्हे, मजुरांचा. चित्रे, टिपणीस, परुळेकर अशी सवर्ण मंडळी त्यात पुढे होती. १९३७ च्या निवडणुकीत मुंबई प्रांतातल्या १५ राखीव जागांपैकी ११ या पक्षाने जिंकल्या, शिवाय काही सर्वसाधारण जागाही. खुद्द बाबासाहेबांच्या विरोधात काँग्रेसने उभं केलं होतं पळवणकर बाळूंना. हेच ते क्रिकेटवीर बाळू, ज्यांनी आपल्या पुण्यात गोऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर काम करता करता गोलंदाजी पक्की केली. बाबासाहेबांनाही पूर्वी त्यांचं कौतुक होतं. या निवडणुकीत बाळू हरले.

आता घरगुती कारण. आमचं मूळ घर रत्नागिरी जिल्ह्यातलं. आजोबा खोत होते. मोठे नव्हे, पण खोत. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की ओसरीवर एकच विषय निघायचा, सरकारने आम्हाला कसं लुबाडलं. त्यात बाबासाहेबांचं नाव फार चांगल्या शब्दांत घेतलं जात नसे. पुढे शहरात आलो, शिकलो, बँकेत लागलो, तरी ती गोष्ट मी खरी मानूनच चाललो होतो. तपासायला कधी गेलो नाही.

निवृत्तीनंतर महाराष्ट्र शासनाने काढलेले त्यांच्या भाषणांचे खंड हाती आले. १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. अधिवेशन पुण्यात होतं, तेव्हा पावसाळी अधिवेशन इथे कौन्सिल हॉलमध्ये भरत असे. ते बिल मी तीनदा वाचलं, कर्जाचे कागद वाचायचो तसं, कलम कलम करून. खोत म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात ठराविक रक्कम भरणारा मधला माणूस. भरल्यावर उरेल ते त्याचं. कुळाकडून अर्धेल घ्यायची, वर वेठीला राबवायचं. बिलात म्हटलं होतं की खोती संपवा, कसणाऱ्याला सरकारचा थेट खातेदार करा. आणि खोताला? खोताला वाजवी भरपाई द्या, असं कलम त्यात स्पष्ट होतं. ओसरीवरच्या कुठल्याही गप्पांत हे कलम मी कधी ऐकलं नव्हतं. आणि अर्धेल, वेठ हे शब्दही नाहीत. ते कुळांच्या घरी बोलले जात असणार. तिथे आम्ही मुलं कधी बसलो नाही.

जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आणि इतर जिल्ह्यांतून हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले. त्याआधी अलिबागजवळ चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली कुळांचा संप १९३३ पासून चालूच होता. तरी बिल मंजूर झालं नाही. सत्तेवर बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं. त्याच मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये कामगारांच्या संपावर बंधनं घालणारं औद्योगिक कलह बिल आणलं, तेव्हा बाबासाहेबांनी सभागृहात कडाडून विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप घडवला. बिल तरीही पास झालं. १९३९ मध्ये मंत्रिमंडळ गेलं, आणि १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून दिल्लीला गेले.

पुढचा भाग थोडक्यात. १९४६ ला मुंबईने त्यांना घटनासमितीत पाठवलं नाही, ते बंगालमधून गेले. फाळणीत ती जागा गेली. मग राजेंद्रप्रसादांनी खेरांना कळवलं आणि १९४७ च्या जुलैत, बॅ. जयकरांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर, मुंबईच्या कायदेमंडळाने त्यांना निवडून दिलं. ज्या खेरांशी दोन वर्षं रोज वाद घातला, त्यांच्याच प्रांतातून. आणि खोती रद्द करणारा कायदा झाला तो १९४९ ला. मुख्य खुर्चीवर पुन्हा खेरच होते.

आजोबांनी भरपाईसाठी अर्ज केला की रागाच्या भरात केलाच नाही, हे विचारायला आता घरात वडीलधारं कोणी उरलं नाही. आमच्याकडे ज्यांचं कूळ होतं त्यांच्या नातवाची मात्र चांगली बाग आहे. दर मे महिन्यात ए विंगच्या जिन्याखाली ज्या हापूसच्या पेट्या उतरतात आणि ज्यांतल्या निम्म्या आपण सभासदच घेता, त्या त्याच्याच. यंदाही नोंदणी माझ्याकडेच करावी.