दिवाळखोर सेनापतीचे पुस्तक

अमेरिकेतील यादवी युद्धाची रणक्षेत्रे पाहायला निघणारी मंडळी पिशवीत नकाशे भरतात. मी म्हणेन, युलिसिस ग्रँटच्या आठवणींचे दोन खंडही घ्यावेत. उमेदीची वर्षे बँकेत गेल्यामुळे असेल, पण मला या पुस्तकाकडे ओढले ते त्यामागच्या कर्जाने.

१८२२ मध्ये ओहायोत जन्मलेल्या ग्रँटला १८५४ मध्ये लष्कर सोडल्यावर काहीच धड जमेना. शेती फसली, सेंट लुईसमध्ये सरपण विकून झाले, शेवटी १८६० मध्ये वडिलांच्या चामड्याच्या दुकानात धाकट्या भावांबरोबर कारकुनी. पुढच्याच वर्षी युद्ध पेटले. तीन वर्षांत तो उत्तरेच्या सर्व फौजांचा प्रमुख झाला आणि ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली त्याला शरण आला. मग दोनदा राष्ट्राध्यक्षपद, नंतर जगप्रवास. १८७९ च्या फेब्रुवारीत स्वारी मुंबईलाही येऊन गेली.

पुढे वॉल स्ट्रीटवर ‘ग्रँट अँड वॉर्ड’ ही पेढी निघाली. तरुण भागीदार फर्डिनंड वॉर्ड एकच तारण अनेकांकडे गहाण टाकी, नव्या पैशातून जुन्यांना नफा वाटी. ग्रँट वह्या न पाहता सह्या करी. असे सज्जन भागीदार मी टेबलापलीकडे पुष्कळ पाहिले आहेत. मे १८८४ मध्ये पेढी बुडाली. त्याच्या दोनच दिवस आधी वॉर्डच्या सांगण्यावरून ग्रँटने व्हँडरबिल्टकडून १ लाख ५० हजार डॉलर उसने आणले होते. त्या देण्यापोटी त्याने तलवारी आणि मानचिन्हेदेखील लिहून दिली.

त्याच वर्षी घशाचा कर्करोग निघाला. पत्नी ज्युलियासाठी मागे काय उरणार? म्हणून लेखणी धरली. शायलोच्या लढाईवरचा मासिकासाठीचा पहिला मजकूर सरकारी अहवालासारखा कोरडा उतरला. स्वतः पाहिले, सोसले ते लिहा, असे संपादकाने गळी उतरवल्यावर हात मोकळा झाला.

ती पाने टेनेसीत, शायलोलाच वाचावीत. ६ एप्रिल १८६२ ची रात्र. मुसळधार पाऊस, घोडा अंगावर पडल्याने सुजलेला घोटा. आसऱ्याला गेला त्या घराचे इस्पितळ झालेले. कुणाचा हात कापताहेत, कुणाचा पाय. ते त्याला पाहवेना. पुन्हा झाडाखाली जाऊन तो भिजत बसला. दोन दिवसांत दोन्हीकडचे सुमारे २३,००० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मात्र पहिल्या सकाळी आपण गाफील सापडलो, हे तो मान्य करीत नाही. तिथे त्याच्यावर विसंबू नये, दुसरा इतिहासकार जवळ हवाच. १८६४ च्या जूनमधल्या कोल्ड हार्बरच्या अखेरच्या हल्ल्याबद्दलची खंत मात्र त्याने आडपडदा न ठेवता नोंदवली आहे.

मार्क ट्वेनने निव्वळ नफ्याचे ७० टक्के देऊ करून पुस्तक मिळवले. आवाज गेल्यावर ग्रँट चिठ्ठ्यांवर बोलू लागला. जुलै १८८५ मध्ये लिखाण संपले आणि २३ तारखेला तो गेला. ३ लाखांवर संच खपले. फेब्रुवारी १८८६ मध्ये ज्युलियाच्या हाती पहिला धनादेश पडला, २ लाख डॉलरचा.