कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा

भौतिकशास्त्र शिकलेल्या बहुतेकांनी कॉकक्रॉफ्ट हे नाव ऐकलेले असते. पण एकटे नाही, कॉकक्रॉफ्ट-वॉल्टन असे जोडीने. १९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत या दोघांनी वेगवान प्रोटॉनांचा मारा करून लिथियमचा अणू फोडला, १९५१ साली दोघांना नोबेल मिळाले, परीक्षेला दोन गुण, विषय संपला. मला मात्र सर जॉन कॉकक्रॉफ्ट आवडतात ते दुसऱ्याच कारणासाठी. त्यांनी हट्टाने दोन चिमण्यांच्या डोक्यावर फिल्टर बसवायला लावले आणि त्यापायी कित्येक वर्षे लोकांच्या हसण्याचा विषय झाले.

त्यांचा जन्म २७ मे १८९७ चा, उत्तर इंग्लंडमधल्या टॉडमॉर्डन गावचा. घरची कापडगिरणी, पाच भावांत हे थोरले. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात सिग्नलरची नोकरी झाली, मग मँचेस्टरला विद्युत अभियांत्रिकी, मेट्रोपोलिटन-व्हिकर्स कंपनीत उमेदवारी, आणि त्यानंतर केंब्रिजला जाऊन गणित. म्हणजे रदरफर्डच्या हाताखाली आलेला हा माणूस आधी कारखान्यातला आणि मग शास्त्रज्ञ. बोलणे अगदी मोजके. खिशात एक छोटी काळी वही, तिच्यात मुंगीएवढ्या अक्षरात नोंद केली की काम झालेच म्हणून समजायचे, अशी त्यांची ख्याती होती.

एक गोष्ट चरित्रात सहसा दोन ओळींत उरकतात, ती मला फार बोलकी वाटते. सेंट जॉन्स कॉलेजात इमारतींची देखभाल त्यांच्याकडे होती. जुन्या दरवाजाच्या इमारतीचे लाकूड भुंगेऱ्यांनी आतून पोखरले होते. बाहेरून सगळे ठाकठीक. कॉकक्रॉफ्टनी ते उघडून, उतरवून दुरुस्त करून घेतले. बाहेरून धड दिसणाऱ्या वस्तूच्या आत काय चालले असेल, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पडत राहिला असे मला वाटते.

दुसरे महायुद्ध, रडार, अमेरिकेला गेलेले टिझार्ड शिष्टमंडळ, कॅनडातली अणुभट्टी, हे सगळे सोडून देतो. १९४६ मध्ये ते हारवेल या नव्या अणुसंशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. आपल्या भाभांची आणि त्यांची ओळख कॅव्हेंडिशच्या दिवसांपासूनची. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याला अप्सरा सुरू झाली, तिचे इंधन ब्रिटनने दिलेले होते.

त्याच काळात ब्रिटनला घाईने प्लुटोनियम हवे होते. त्यासाठी कंबरलँडच्या किनाऱ्यावर विंडस्केल येथे दोन भट्ट्या उभ्या राहिल्या. रचना साधीच. ग्रॅफाइटचा प्रचंड ठोकळा, त्यात ३,४४० आडवी भोके, प्रत्येकात ॲल्युमिनियमच्या वेष्टणातल्या युरेनियमच्या २१ कांड्या. थंड करायला पंख्यांनी हवा मारायची आणि ती तापलेली हवा सुमारे ४०० फुटी चिमणीतून सरळ आकाशात सोडायची. कांडी वापरून झाली की पुढून दांड्याने ढकलायची. ती मागच्या बाजूने खाली पाण्यात पडे, तिथून तळ्यात जाई. वापरलेले इंधन विझलेल्या निखाऱ्यासारखे नसते. भट्टीतून काढल्यावरही ते तापतच राहते, किरणे सोडतच राहते, म्हणून ते महिनोन्‌महिने पाण्याखाली ठेवावे लागते. आपल्या तारापूरला, कैग्यालाही ते असेच पाण्यात ठेवतात. विंडस्केलचे तळे मात्र उघड्यावर होते.

आता कांडीचे वेष्टण फाटले तर? १९४८ मध्ये कॉकक्रॉफ्टना कळले, की अमेरिकेत ओक रिजच्या भट्टीभोवती युरेनियम ऑक्साइडचे कण सापडलेत. तिथली भट्टीही हवेवरच थंड होणारी. परत येऊन त्यांनी सांगितले, चिमण्यांना फिल्टर हवेत. तोवर चिमण्यांचे बांधकाम बरेच वर गेलेले. खाली फिल्टर बसवायला जागाच उरली नव्हती. मग ते टोकावर बसवावे लागले, खर्च वाढला आणि चिमण्यांच्या डोक्यावर बेढब गाठोडी आली. अभियंते चिडले. कांड्या स्वच्छच राहणार, फिल्टरला अडवायला काही असणारच नाही, हा त्यांचा हिशेब. गाठोड्यांना नाव पडले, कॉकक्रॉफ्टचा वेडेपणा. गंमत बघा, ओक रिजचे ते कण भट्टीतले नव्हतेच, शेजारच्या रासायनिक कारखान्यातले होते असे पुढे निघाले. म्हणजे ज्या माहितीवर हट्ट धरला ती माहितीच चुकीची!

पण काही कांड्या मागे पाण्यात न पडता हवेच्या बोगद्यात अडकून गंजू लागल्या. १९५५ मध्ये आसपासच्या भागात किरणोत्सारी कण सापडले. आणि १० ऑक्टोबर १९५७ ला पहिल्या भट्टीत आग लागल्याचे ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी पाण्याचा मारा करून, हवा बंद करून ती विझवली. वायुरूप आयोडिन फिल्टरमधून निसटले. सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधले दूध ओतून द्यावे लागले. किरणोत्सारी धूळ मात्र मोठ्या प्रमाणात त्या गाठोड्यांत अडकली. त्यानंतर कुणी हसले नाही.

कॉकक्रॉफ्टना सावधपणाचा देव करायची माझी इच्छा नाही. तीनच महिन्यांनी, जानेवारी १९५८ मध्ये, हारवेलच्या झीटा यंत्रात अणुसंमीलन साधल्याची खात्री त्यांनीच पत्रकारांपुढे बोलून दाखवली आणि काही महिन्यांत ती मागे घ्यावी लागली. हाच तो मोजून बोलणारा माणूस. म्हणून मला प्रश्न पडतो, विंडस्केलला नाही म्हणायचे काम नेमके कुणाचे होते? बांधणारे, चालवणारे, तपासणारे सगळे एकाच घरचे. फिल्टर बसले ते कुठल्या नियमामुळे नव्हे, एका शास्त्रज्ञाच्या वजनामुळे. ते त्या बैठकीला नसते तर? आगीची चौकशी नेमली तीही घरातलीच. अध्यक्ष विल्यम पेनी अणुऊर्जा प्राधिकरणाचे, आणि शॉनलंड हे सदस्य हारवेलमधले कॉकक्रॉफ्टचेच सहायक. पंतप्रधान मॅकमिलननी मूळ अहवाल दाबून ठेवला. तो लोकांपुढे यायला १९८८ उजाडले.

तरी आगीने एक केले. १९५९ मध्ये अणुकेंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला आणि १९६० मध्ये स्वतंत्र निरीक्षक आले. केंद्र चालवणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही साधी गोष्ट तिथे कायद्यात आली ती अशी. पण त्यातही मेख होती. प्राधिकरणाच्या स्वतःच्या जागांना हा कायदा लागू नव्हता. जिथे आग लागली ते विंडस्केलच परवान्याच्या बाहेर!

कॉकक्रॉफ्ट १९५९ मध्ये केंब्रिजच्या नव्या चर्चिल कॉलेजचे पहिले प्रमुख झाले आणि तिथेच १८ सप्टेंबर १९६७ रोजी वारले. विंडस्केलला परवाना लागला तो १९७१ मध्ये, जागा नव्या कंपनीकडे गेल्यावर. जळलेल्या भट्टीच्या गाभ्यात थोडे इंधन अजून तसेच आहे. वापरलेल्या कांड्यांचे ते उघडे तळे पुढे कित्येक दशके गाळ धरून पडून राहिले. त्यातला इंधनाचा मुख्य साठा बाहेर काढून झाला २०१६ मध्ये.