नकाशे करणारा मर्केटर

आपल्या गांवांत बांधावरून तंटा उठला म्हणजे शेवटीं सर्वांची दृष्टि चावडींतील जुन्या नकाशाकडे वळते. म्हातारीं माणसें एक सांगतात, तरुण दुसरेंच सांगतात. परंतु तो पिवळा पडलेला कागद उलगडला कीं, जी पायवाट पुढें कोणाच्या तरी शेतांत नांगरली गेली तिची रेघ त्यावर अजून दिसते, आणि जी विहीर बुजली तिची खूणही तेथें सांपडते. नकाशा हा केवळ वाट दाखविणारा कागद नव्हे. ज्या दिवशीं तो काढला गेला त्या दिवसाचा तो साक्षी होय. मात्र साक्षीदाराची जशी पारख करावी लागते तशी नकाशाचीही करावी लागते. तो कोणीं काढला, कशासाठीं काढला, काढणाऱ्यास काय ठाऊक होतें व काय ठाऊक नव्हतें, हें पाहिल्यावांचून त्याच्या साक्षीची किंमत कळत नाहीं. ही गोष्ट स्पष्ट व्हावी म्हणून जगांतील एका मोठ्या नकाशाकाराचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

गेरार्ड मर्केटर ह्याचा जन्म ५ मार्च १५१२ रोजीं फ्लँडर्स प्रांतांत, शेल्ट नदीच्या कांठीं, रुपेलमोंडे नांवाच्या लहानशा गांवीं झाला. हें गांव आतां बेल्जम देशांत मोडतें. बाप जोडे शिवण्याचा धंदा करीत असे. घरांत मुलें पुष्कळ आणि मिळकत थोडी. गेरार्ड अद्याप मुलगाच होता तोंच बाप वारला, आणि त्याच्या शिक्षणाचा भार त्याच्या चुलत्यानें उचलला. हा चुलता धर्मोपदेशक होता. त्यानें मुलास डेन बॉश येथें एका धार्मिक बंधुमंडळाच्या शाळेंत पाठविलें. कुटुंबाचें उपनांव क्रेमर, म्हणजे व्यापारी, असें होतें; तेंच विद्वानांच्या चालीप्रमाणें लॅटिन भाषेंत फिरवून त्यानें मर्केटर असें केलें, आणि ह्याच नांवानें जग त्यास ओळखतें.

१५३० सालीं तो लूव्हेन येथील विद्यापीठांत दाखल झाला. तेथील पटावर त्याचें नांव गरीब विद्यार्थ्यांच्या यादींत आहे. दोन वर्षांनीं त्यानें पदवी मिळविली. परंतु त्याच्या मनास स्वस्थता नव्हती. त्या काळीं सर्व विद्यालयांतून ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल ह्याचा शब्द प्रमाण मानीत असत, आणि जगाच्या उत्पत्तीविषयीं त्याचें मत व पवित्र शास्त्रांतील वृत्तान्त ह्यांचा मेळ गेरार्डास बसेना. मनांतील शंका दाबून ठेवून पुढें जाणें त्यास आवडलें नाहीं. तो लूव्हेन सोडून अँटवर्प येथें गेला व कांहीं काळ विचार करीत राहिला. अखेरीस पृथ्वी जशी आहे तशी मोजावी, आकाश जसें आहे तसें पाहावें, असा त्याचा निश्चय झाला. तो परत आला, आणि गेमा फ्रिसियस नांवाच्या गणितज्ञाच्या हाताखालीं गणित, ज्योतिष व भूगोल ह्या विद्या शिकूं लागला.

विद्या शिकत असतां पोटासाठीं त्यानें हाताचेंही काम धरिलें. तांब्याच्या पत्र्यावर नकाशे कोरणें आणि पितळेचीं यंत्रें घडविणें ह्यांत तो लवकरच निपुण झाला. १५३६ सालीं त्याच्या गुरूनें पृथ्वीचा गोल तयार केला त्यावरील कोरीव कामांत मर्केटरचा हात होता. त्याच वर्षीं बार्बरा नामक स्त्रीशीं त्याचा विवाह झाला. तिच्यापासून त्यास तीन मुलगे व तीन मुली झाल्या. नकाशावरील अक्षर स्वच्छ असावें ह्याविषयीं त्याचा इतका कटाक्ष असे कीं, १५४० सालीं त्यानें सुंदर तिरकें अक्षर कसें काढावें हें शिकविणारें एक लहान पुस्तकच छापून प्रसिद्ध केलें.

आमच्या वाचकांस विशेष गोडी वाटावी अशी गोष्ट ही कीं, मर्केटरनें स्वतःच्या नांवानें जो पहिला नकाशा प्रसिद्ध केला तो पवित्र भूमीचा होता. १५३७ सालीं तो सहा कागदांवर छापला गेला. मिसर देशांतून निघालेलें इस्राएल लोक कोणत्या वाटेनें रानांतून कनान देशाकडे गेले, हें त्यावर दाखविलें होतें. शास्त्र वाचणाऱ्या मनुष्यास तें वाचीत असतां वाट डोळ्यांपुढें दिसावी, हा त्याचा हेतु होता. त्या काळीं नव्या करारासारखीं पुस्तकें लोकांच्या भाषांतून नुकतींच छापून येऊं लागलीं होतीं, आणि असे नकाशे त्यांच्या सोबतीनें घरोघर जात. ह्या नकाशाची ज्ञात असलेली एकच मूळ प्रत इटली देशांत पेरुजा येथील ग्रंथालयांत जपून ठेविली आहे.

पुढें त्याच्यावर मोठें संकट आलें. सम्राट पांचवा चार्लस ह्याच्या राज्यांत लूथरचीं मतें धरणाऱ्यांचा छळ चालला होता. १५४४ च्या फेब्रुवारी महिन्यांत संशयितांची एक यादी निघाली. तींत मर्केटरचें नांव होतें. त्या वेळीं तो लूव्हेन येथें नव्हता. चुलत्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थेसाठीं रुपेलमोंडे येथें गेला होता. तो घरीं न सांपडल्यामुळें पळून गेला असा तर्क झाला. त्यास पकडून, ज्या गांवीं तो जन्मला त्याच गांवच्या किल्ल्यांत कोंडण्यांत आलें. त्याच्या विरुद्ध पुरावा असा कांहीं सांपडला नाहीं. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनीं व त्याच्या मंडळीच्या उपदेशकानें त्याच्या वतीनें साक्ष दिली. तरी सात महिने तो अंधारांत पडून राहिला, आणि सप्टेंबरांत सुटला. त्या छळांत लूव्हेन येथील कित्येकांस प्राणास मुकावें लागलें. स्त्रियांस जिवंत पुरण्यांत आलें.

येथें आम्हीं वाचकांस सरळ सांगितलें पाहिजे कीं, मर्केटर हा हुतात्मा नव्हता. सुटल्यावर त्यानें उघडपणें कोणत्याही पक्षाची बाजू घेऊन वाद केला नाहीं. त्याच्या ह्या मौनास कोणी भित्रेपणा म्हणेल, कोणी शहाणपण म्हणेल. घरीं लहान मुलें असतांना ज्यानें सात महिने किल्ल्याच्या भिंती पाहिल्या, त्याचा न्याय करण्यास आम्ही धजत नाहीं. एवढें मात्र खरें कीं, तुरुंगानें त्याचा हात थांबविला नाहीं. १५५२ सालीं तो कुटुंबासह ऱ्हाईन नदीजवळील डुइसबर्ग ह्या शहरीं जाऊन राहिला. तेथील ड्यूक विल्यम धर्माच्या बाबतींत सौम्य होता. ह्याच शहरीं मर्केटरनें आयुष्याचीं उरलेलीं ४२ वर्षें काढलीं. तेथील शाळेंत त्यानें कांहीं वर्षें मुलांस गणितही शिकविलें.

१५५४ सालीं त्यानें १५ कागदांवर युरोपचा मोठा नकाशा काढला. सुमारें चौदाशें वर्षांपूर्वीं टॉलेमी नांवाच्या विद्वानानें भूमध्य समुद्र खऱ्यापेक्षां पुष्कळ लांब दाखविला होता, आणि त्याच्या नांवाच्या दरार्‍यानें ती चूक पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. मर्केटरनें ती लांबी बरीच कमी केली. ह्या एका नकाशानें त्याचें नांव सर्व युरोपभर झालें.

त्याचें सर्वांत प्रसिद्ध काम १५६९ सालचें आहे. तो जगाचा नकाशा १८ कागदांवर छापलेला असून, जोडल्यावर सुमारें दोन मीटर रुंद व सव्वा मीटर उंच होतो. तो खलाशांसाठीं केला होता. अडचण काय होती ती पाहा. पृथ्वी गोल आहे आणि कागद सपाट. मोसंब्याची साल सोलून पाटावर चपटी करूं लागलें तर ती कोठें तरी फाटते, नाहीं तर ताणावी लागते. खलाशी होकायंत्र पाहून एकच दिशा धरून जातो; परंतु गोलावर ती वाट वांकडी होत जाते, व साध्या नकाशावर तिची खरी रेघ काढतां येत नसे. मर्केटरनें उत्तर-दक्षिण रेषा सर्वत्र समांतर ठेविल्या. असें केलें असतां ध्रुवांकडील प्रदेश पूर्व-पश्चिम ताणले जातात; म्हणून जेथें जितका हा ताण पडला तितकाच त्यानें उत्तर-दक्षिणही दिला. उदाहरणार्थ, साठाव्या अक्षांशावर दोन्ही बाजूंनीं दुप्पट. ह्यामुळें कोन बिघडत नाहींत, आणि खलाशाची वाट पट्टीनें काढलेल्या सरळ रेघेसारखी होते. ह्याचें पूर्ण गणित एडवर्ड राइट नांवाच्या इंग्रज विद्वानानें १५९९ सालीं प्रसिद्ध केलें, आणि मग दर्यावर्दी लोकांनीं हळूहळू ही रीत स्वीकारली. आजही पुष्कळशा फोनवर जो नकाशा दिसतो त्याची मांडणी ह्याच रीतीस धरून असते.

परंतु ह्या लाभाची किंमतही द्यावी लागते. ह्या रीतीनें काढलेल्या नकाशावर ग्रीनलंड हें बेट जवळजवळ आफ्रिका खंडाएवढें दिसतें. वास्तविक आफ्रिका त्याच्या सुमारें चौदापट मोठी आहे. आपला भारत देशही ग्रीनलंडाच्या सुमारें दीडपट आहे, पण नकाशा पाहून तसें कोणास वाटणार नाहीं. ह्यांत मर्केटरनें कोणास फसविलें नाहीं. त्यानें दिशेचें काम पत्करलें, आकाराचें नव्हे. चूक झाली ती ज्यांनीं तो खलाशांचा नकाशा शाळेच्या भिंतीवर टांगून देशांचा लहानमोठेपणा त्यावरून मुलांस शिकविला त्यांची.

ह्याच नकाशांत खऱ्या चुकाही आहेत, आणि त्या काळाविषयीं त्याच अधिक सांगतात. उत्तर ध्रुवावर त्यानें एक उंच काळा खडक काढला, व त्याभोंवतीं चार मोठीं बेटें दाखविलीं. तेथें कोणी गेला नव्हता. एका जुन्या प्रवासवृत्तांतील ऐकीव गोष्टीवर त्यानें विश्वास ठेविला. गंगा नदीविषयीं तर त्यानें नकाशावरील एका टिपणांत असें प्रतिपादिलें आहे कीं, प्राचीनांची गंगा ती चीन देशांत कँटन शहराजवळ समुद्रास मिळणारी नदी होय. त्या वेळीं पोर्तुगीज लोक गोव्यास राज्य करीत होते व त्यांचीं गलबतें बंगालपर्यंत ये-जा करीत होतीं. पण टॉलेमीचा ग्रंथ आणि खलाशांचे वृत्तान्त ह्यांचा मेळ बसेना, तेव्हां भूमध्य समुद्राच्या बाबतींत ज्याची चूक त्यानेंच सुधारली होती, त्याच टॉलेमीस संभाळण्यासाठीं त्यानें नदी हलविली. उलट उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागाची माहिती कोणासच नव्हती; तेथें त्यानें काल्पनिक डोंगर व नद्या भरण्याऐवजीं बऱ्याच जागेवर लेखाची चौकट बसविली. एकाच कागदावर एकाच हाताचे हे दोन प्रकार आहेत. पहिल्यांत न पाहिलेलें पाहिल्यासारखें दाखविलें आहे, आणि दुसऱ्यांत ज्ञानाची सीमा राखली आहे.

१५७८ सालीं त्यानें टॉलेमीचे २७ नकाशे जसे असावे तसे, त्यांत नवी माहिती न मिसळतां, वेगळे छापले. प्राचीन लोकांस जग कसें दिसलें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें तें येथें पाहावें, आणि आजचें जग दुसरीकडे पाहावें, अशी ही योजना होती. जुना नकाशा चुकीचा ठरला म्हणून तो जाळावयाचा नसतो. तो इतिहासाच्या फडताळांत ठेवावयाचा असतो.

ह्यानंतर त्यानें देशोदेशींच्या नकाशांचा मोठा ग्रंथ हातीं घेतला. त्याचा पहिला भाग १५८५ सालीं व दुसरा १५८९ सालीं निघाला. मॉरिटेनिया देशाचा ॲटलास नामक एक विद्वान राजा कथांतून वर्णिला आहे. त्यावरून मर्केटरनें ग्रंथास ॲटलास हें नांव दिलें, आणि तेव्हांपासून नकाशांच्या पुस्तकास सर्वत्र हेंच नांव पडलें. म्हातारपणीं त्यास दुःखेंही पुष्कळ सोसावीं लागलीं. १५८६ सालीं बार्बरा वारली. १५९० सालीं त्यास अर्धांगाचा झटका आला व शरीराची डावी बाजू लुळी पडली. तरी १५९२ सालीं त्यानें चारही शुभवर्तमानांचा मेळ दाखविणारें पुस्तक प्रसिद्ध केलें. २ डिसेंबर १५९४ रोजीं, ८२ वर्षांचा होऊन, तो डुइसबर्ग येथें मरण पावला. ग्रंथ अपुराच राहिला. पुढल्या वर्षीं त्याचा मुलगा रूमोल्ड ह्यानें तो १०७ नकाशांसह छापून प्रसिद्ध केला.

आमच्यापैकीं पुष्कळ उपदेशक व शिक्षक रविवारच्या शाळेंत पवित्र भूमीचा नकाशा भिंतीवर टांगतात. मुलें यार्देन नदीवर बोट ठेवतात, यरुशलेमेपासून यरीहोपर्यंतची वाट पाहतात, आणि मग एखादें मूल असा प्रश्न विचारतें कीं त्याचें उत्तर शिक्षकास येत नाहीं. अशा वेळीं काळा खडक काढण्याचा मोह फार होतो; मुलें लहान असतात, आणि सांगितलेलें खरें मानतात. बंधूंनो, तेथें चौकट बसवावी. हें मला ठाऊक नाहीं, विचारून पुढल्या रविवारीं सांगेन, असें म्हणण्यांत शिक्षकाचा मान जात नाहीं. पुढल्या रविवारीं मात्र तें विसरूं नये, कारण मूल तें विसरत नाहीं.