लोकमान्य आणि बसऱ्याचा दादा

१ ऑगस्ट जवळ आला की आमच्या चिपळूणच्या शाळेत भाषणांची गडबड उडत असे. शेंगांची टरफले, 'केसरी', मंडालेचा तुरुंग, 'गीतारहस्य' आणि मग एकदम सरदारगृहातला शेवट. पाठ केलेले भाषण धडाधडा म्हणून आम्ही टाळ्या घ्यायचो. मंडालेहून सुटका झाली १९१४ साली आणि सरदारगृहात देह ठेवला १९२० साली. मधल्या सहा वर्षांचे काय, हे ना कोणी सांगितले, ना आम्ही विचारले. पुढे नोकरीला लागल्यावर, गावातल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात एक जाडजूड चरित्र हाती आले आणि मला कळले, की पहिले महायुद्ध संपले त्या दिवशी लोकमान्य लंडनमध्ये होते! ते वाचताना मला आठवली आजीच्या माहेरची चकती.

आजीचा थोरला भाऊ त्या लढाईत गेला होता. गोवळकोटच्या धक्क्यावरून मचव्यात बसला, दाभोळहून आगबोटीने मुंबईला गेला, तो परत आला नाही. घरात त्याला 'बसऱ्याचा दादा' म्हणत. लढाईनंतर सरकारने एक जाड, वाटोळी, काशाची चकती पाठवली. तिच्यावर सिंह, हातात त्रिशूळ घेतलेली बाई आणि दादाचे नाव. कडेने इंग्रजी अक्षरे. ती कुणालाच वाचता येत नसत. मी इंग्रजी शिकलो तेव्हा आजीला अर्थ सांगितला, की हा माणूस स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला, असे लिहिले आहे. आजी म्हातारी खरी, पण बुद्धीने तल्लख. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, एवढेच तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

तोच प्रश्न लोकमान्य पॅरिसच्या दारात जाऊन विचारणार होते.

बाळ गंगाधर टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ चा, रत्नागिरीचा. मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव. वडील गंगाधरपंत शाळाखात्यात. बाळ दहा वर्षांचा असताना बिऱ्हाड पुण्याला हलले आणि पुढचे सारे आयुष्य तिथेच उभे राहिले. ते सर्वांना ठाऊक आहे. सहा वर्षांची काळ्या पाण्यासारखी शिक्षा भोगून जून १९१४ मध्ये ते सुटले आणि दोन महिन्यांच्या आत इंग्लंड युद्धात उतरले.

या लढाईत हिंदुस्थानचे दहा लाखांवर लोक समुद्रापार गेले. सुमारे ७४,००० परतले नाहीत. आपल्या भागातली पोरे मुख्यतः मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेली. कूत येथे वेढ्यात सापडून २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेलेली फौज 'पुणे डिव्हिजन' या नावाची होती. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या. दादा त्यातल्याच एकीत होता. कैदेतल्या पायपिटीत, उपासमारीत किती गेले याची गणतीच नको. १९१७ मध्ये माणसे कमी पडू लागली तेव्हा, वर्षानुवर्षे भरती बंद केलेल्या महार समाजातूनही १११ वी पलटण उभारण्यात आली. गरज सरल्यावर १९२१ मध्ये ती मोडली.

लोकमान्यांचा भरतीला विरोध नव्हता. मात्र हिशेब आधी, असे ते म्हणत. हिंदी तरुणांना अधिकाऱ्यांच्या जागा द्या, स्वराज्याचे बोला, मग माणसे मागा. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी हा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी अडवले आणि लोकमान्य सभा सोडून निघून गेले. गांधीजींकडे त्यांनी ५०,००० रुपयांचा चेक पाठवला. अधिकारपदांचे वचन मिळवा, महाराष्ट्रातून ५,००० जवान देतो, न दिल्यास ही रक्कम दंड समजा, असा करार. गांधीजींनी चेक परत केला.

त्याच वर्षाच्या ऑक्टोबरअखेर ते लंडनला पोचले. निमित्त होते व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या खटल्याचे. मुक्काम हाउली प्लेस येथे. ११ नोव्हेंबरला तोफा थांबल्या. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची भाषा करत होते. डिसेंबरात दिल्लीच्या काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे ठरवली. पण हिंदुस्थानचे प्रतिनिधी सरकारने आधीच नेमले होते: भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराज आणि लॉर्ड सिन्हा. लोकमान्यांना पॅरिसला जाण्याचा परवानाच मिळाला नाही.

२१ फेब्रुवारी १९१९ रोजी चिरोल खटलाही हरले. वय बासष्ट, मधुमेहाने पोखरलेले शरीर, लाखांच्या घरातला खर्च. दुसरा असता तर अंथरूण धरले असते. यांनी महिन्याच्या आत परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना सविस्तर पत्र लिहिले. स्वतंत्र हिंदुस्थान कुणाच्या भूमीवर डोळा ठेवणार नाही, उलट आशियातल्या शांततेचा आधार होईल, असा युक्तिवाद मांडला. विल्सन यांनाही कळवले. तिकडून सचिवामार्फत आले ते नुसते सौजन्याचे उत्तर.

२८ जून १९१९ रोजी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या नावानेही सह्या झाल्या. हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा सभासद झाला, तोही स्वतःच्या घराची किल्ली हाती नसताना! आणि घरी काय चालले होते? रौलट कायदा मार्चमध्ये, जालियनवाला बाग १३ एप्रिलला. लढाईला सर्वांत जास्त जवान देणाऱ्या पंजाबातच गोळ्या चालल्या. त्याआधीच्या वर्षी इन्फ्लुएंझाच्या साथीने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली होती. युद्ध संपल्याचा आनंद कुणी करायचा?

नोव्हेंबर १९१९ मध्ये लोकमान्य परतले. मिळाले ते घ्यावे, उरलेल्यासाठी भांडावे, हे त्यांचे धोरण अमृतसरच्या काँग्रेसमध्ये दिसले. पण शरीराने साथ सोडली. १ ऑगस्ट १९२० रोजी, असहकाराच्या पहिल्याच दिवशी, ते गेले.

पॅरिसची ती मोहीम फसली, हे खरेच. पण रक्त सांडायला जे राष्ट्र चालते, ते तहाच्या टेबलाशी का चालत नाही, हा सवाल त्यांनी साऱ्या जगासमोर टाकला. तो दादाच्याही वतीने टाकलेला होता, असे मला वाटते. दादाला टिळकांची किती माहिती होती कोण जाणे!

यंदा नातीने १ ऑगस्टचे भाषण लिहून मागितले. मी टरफले वगळली आणि तिला पॅरिसचे पत्र सांगितले. मग माळ्यावरच्या पेटीतली चकती काढून तिच्या हातात ठेवली. कडेची अक्षरे तिने सहज वाचली. वर मान करून तिनेही तोच प्रश्न विचारला. आजीचाच.